विषय: पल्स्ड-फील्ड जेल यंत्राचा बिघडलेला शीतक आणि सेवा विभागाचे बेजबाबदार उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आपल्या सेवा विभागाशी आज पुन्हा झालेल्या निष्फळ संभाषणानंतर हे पत्र लिहीत आहे. आमच्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतील जिवाणूंच्या डीएनएचे मोठे तुकडे जेलमध्ये आकारानुसार वेगळे करणाऱ्या आपल्या यंत्राचा शीतक बफरचे, म्हणजे जेल ज्यात बुडालेले असते त्या द्रावणाचे, तापमान 14 अंशांवर राखत नाही. पडद्यावर 14 हाच आकडा दिसतो, पण टाकीत बुडवलेला तापमापक रन सुरू झाल्यावर काही तासांतच 22 च्या पुढे जातो. सुमारे 20 तासांच्या रनमध्ये एवढी तफावत राहिली की डीएनए अपेक्षेपेक्षा वेगाने सरकतो, बँड (डीएनए तुकड्यांचे पट्टे) पसरतात आणि शेजारच्या दोन लेनचीसुद्धा तुलना करता येत नाही.

आपल्या अभियंत्याने दोष आमच्या प्लगना, म्हणजे जिवाणूंच्या पेशी बसवलेल्या जेलच्या वड्यांना, दिला. पेशी नीट फुटल्या नसतील, असे त्याचे म्हणणे. परंतु त्याच जेलमधील लॅम्बडा लॅडर (ज्ञात आकारांच्या डीएनए तुकड्यांची मोजपट्टी) आम्ही बनवलेला नाही, तो आपण तयार स्वरूपात विकता, आणि तोही तसाच पसरला आहे. त्याचे छायाचित्र मी आधीच पाठवले होते, ते त्याने उघडूनही पाहिले नव्हते.

त्यानंतर त्याने जे विचारले, ते आपल्यापर्यंत शब्दशः पोहोचावे: “मॅडम, सगळे एमआरएसएच आहेत ना? सेफॉक्सिटिनची डिस्क लावली की कळतंच. बँड थोडे धूसर आले तर काय बिघडतं?” मी त्याला सांगितले की त्या प्रतिजैविकाच्या डिस्कने एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस जिवाणू, ओळखता येतो, पण नवजात अतिदक्षता कक्षातील बाळांमध्ये एकच वाण पसरतो आहे की निरनिराळे वाण बाहेरून आले आहेत, हे डिस्क सांगत नाही. त्यासाठी स्मा-वन एन्झाइमने गुणसूत्राचे मोठे तुकडे करावे लागतात, आणि असे तुकडे साध्या जेलमध्ये एकमेकांपासून सुटत नाहीत, म्हणूनच विद्युत क्षेत्राची दिशा बदलत राहणारे हे यंत्र आम्ही घेतले. टेनोव्हर यांच्या 1995 च्या निकषांनुसार दोन-तीन बँडचा फरक असेल तर वाण जवळचे, सात किंवा अधिक असेल तर वेगळे मानतात. मग पसरलेल्या जेलवर बँड मोजायचे कसे? त्यावर “ते तुमचं काम आहे, मशीन चालू आहे,” एवढे बोलून त्याने फोन ठेवला.

मशीन चालू नाही. जे यंत्र 14 अंश दाखवते आणि 14 अंश राखत नाही, ते बंद यंत्रापेक्षा घातक आहे, कारण त्याच्या निकालावर कोणीतरी विश्वास ठेवेल. पेशी फोडणारे महागडे लायसोस्टॅफिन आणि स्मा-वन वाया जात आहे, ते वेगळेच. कक्ष बंद करायचा का, असे बालरोग विभाग आम्हाला विचारत आहे आणि वाचता येईल असे एकही जेल आमच्याकडे नाही. बाळांच्या जिवाशी संबंधित यंत्राबाबत आपल्या कंपनीकडून ही बेपर्वाई मला अपेक्षित नव्हती.

शीतक आणि बफरचा पंप तपासणारा जाणकार अभियंता सात दिवसांत न आल्यास एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) पुढील रक्कम रोखण्याची शिफारस मी लेखी करीन आणि रुग्णालयामार्फत ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल. बिघडलेला शीतक बदलून मिळावा आणि वरील उत्तराबद्दल लेखी खुलासा मिळावा.

सोबत: जेलची छायाचित्रे, तापमानाच्या नोंदी

विभाग प्रमुख, सूक्ष्मजीवशास्त्र