धर्मात सक्ती नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझे पत्र काल मिळाले. वीस वर्षांच्या मुलाने नमाज पढायचे सोडले म्हणून तू त्याच्याशी अबोला धरला आहेस, हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. तुझी तळमळ खोटी नाही. म्हणूनच 'ला इक्राहा फिद्दीन', म्हणजे धर्मात सक्ती नाही, ही कुरआनातल्या सूरह बकरा या अध्यायाची 256 वी आयत, म्हणजे वचन, कोणत्या प्रसंगी उतरली याविषयी पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी जे सांगितले आहे, ते तुझ्यापुढे ठेवतो.

इस्लामपूर्व मदिनेत जिची मुले जगत नसत अशी बाई नवस बोले, की मूल जगले तर त्याला यहुदी करीन. पुढे इ. स. 625 मध्ये बनू नझीर या यहुदी टोळीला मदिना सोडावी लागली, तेव्हा अन्सारांची, म्हणजे पैगंबरांना साथ देणाऱ्या मदिनेच्या मुसलमानांची, अशी मुलेही तिच्यात होती. आमची मुले आम्ही जाऊ देणार नाही, असे घरचे म्हणू लागले आणि ही आयत आली. पोटच्या पोरांसाठी जीव तुटणाऱ्या माणसांनाच तिने आवरले, हे मला फार मोठे वाटते.

मक्केत छळ सोसवेना तेव्हा पैगंबरांचे सहकारी अम्मार इब्न यासिर यांच्या तोंडून कुफ्राचे, म्हणजे धर्म नाकारणारे, शब्द निघाले, आणि ते रडत पैगंबरांकडे आले. पैगंबरांनी विचारले ते एवढेच, की मन कसे आहे? ते ईमानावर, म्हणजे श्रद्धेवर, स्थिर होते. मारून वदवलेला कुफ्र जर कुफ्र ठरत नाही, तर धाकाने पढवलेला नमाज इबादत, म्हणजे उपासना, कसा ठरेल? पुढच्या काळात फकीहांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांनी, धर्म सोडणाऱ्याला मृत्युदंड सांगितला, हे मी झाकत नाही. पण लोकांनी ईमान आणावे म्हणून तू त्यांच्यावर सक्ती करणार का, असे खुद्द पैगंबरांना विचारणाऱ्या सूरह यूनुसच्या 99 व्या आयतीशी तो निवाडा मला जुळवता येत नाही.

कॉलेजात असताना दोन वर्षे मीही नमाज पढत नव्हतो. अब्बांनी मला पहाटे कधी हाक मारली नाही. स्वतः वजू करून, म्हणजे नमाजापूर्वी हात-तोंड-पाय धुऊन, ते ऊन पाण्याचा तांब्या माझ्या उशाशी ठेवीत आणि मशिदीत जात. कित्येक दिवस ते पाणी निवून जाई. परत आल्यावर ते तुळशीजवळच्या जास्वंदीला घालीत आणि मला चहाला उठवीत.

आज जेवताना मुलाला शेजारी बसव. नमाजाचा विषय काढू नकोस.

तुझाच