शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: मुलांचा आवाज ध्वनिमुद्रित केला म्हणून मला नोटीस

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘अध्यापनाच्या वेळेत मोबाइल वापरला’ म्हणून गेल्या आठवड्यात मला कारणे दाखवा नोटीस आली. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. साहेब तपासणीला आले तेव्हा फोन माझ्या हातात नव्हताच. एक मुलगी खिडकीपाशी उभी राहून त्यात बोलत होती. काय बोलतेस बाळा, एवढे तरी तिला विचारायचे होते. कोणी विचारले नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. आवाज ध्वनिमुद्रित करायचे वोकारू नावाचे एक संकेतस्थळ आहे. खाते उघडावे लागत नाही, पैसे पडत नाहीत. बटण दाबायचे, बोलायचे, परत ऐकायचे, नाही पटले तर पुन्हा बोलायचे. शेवटी लिंक मिळते. 35 मिनिटांचा तास आणि वर्गात 42 मुले. प्रत्येकाला बोलते करायचे तर एकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही, आणि तेही मागे खिदळणाऱ्या वर्गासमोर. फोनपुढे मूल एकटे असते. पहिल्यांदा ते दचकते, ‘बाई, हा माझा आवाज नाहीच!’ म्हणते, कारण एरवी आपला आवाज आपण कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो. मग कान सरावतो. ‘इस्कूल’ आणि ‘स्कूल’ यांतला फरक मी सांगून कळत नव्हता, तो स्वतःचेच ऐकून कळला. ऊसतोडीला गेलेल्या एका बापाला मी लेकीची लिंक पाठवली. त्याला वाचता येत नाही, ऐकता येते. त्याने फडातून फोन करून विचारले, ‘बाई, हे आमच्या पोरीचंच का?’

हे सगळे माझ्या फोनवर, माझ्या रिचार्जवर. प्रशिक्षणात व्यासपीठावरून हेडफोन-माइक आणि नेट देण्याचा शब्द मिळाला होता. आले काहीच नाही. बिल थकले म्हणून शाळेची वीज तोडली, तेव्हाही मी फोन घरून चार्ज करून आणत होते. तुमच्या खात्याला यातले काही दिसले नाही, मोबाइल तेवढा दिसला.

त्याच फोनवर मी रोज हजेरी भरते, पोषण आहाराला किती मुले जेवली ते भरते, कार्यक्रमांचे फोटो पाठवते, निवडणुकीच्या काळात मतदारयादीचे काम करते. हे सगळे शाळेच्या वेळेतच चालते आणि उशीर झाला तर विचारणा होते. मग मूल त्यात दोन वाक्ये बोलले तर गुन्हा कसा?

पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आले. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात ‘तोंडी काम’ असा रकाना आहे. त्यातले गुण मूल न बोलताही भरले जातात, हे आम्हा शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांना, दोघांनाही माहीत आहे. दहावीचे तर अख्ख्या राज्याने पाहिले. भाषांचे तोंडी परीक्षेचे अंतर्गत 20 गुण काढले, त्या 2019 च्या परीक्षेचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही नवा होता, पण ओरड झाली ती गुणांची, आणि गुण लगेच परत आले. मुलांचे बोलणे परत आले का, हे कोणी पाहिले? पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर मुलाला ऐकायला मिळते. त्या मुलाचे ऐकायला मात्र या व्यवस्थेत कोणी बसलेले नाही. सही-शिक्क्याचा कागद जुळला की खाते समाधानी.

मुलांच्या आवाजाच्या सुरक्षेबद्दल विचारले असते तर मला ते मान्य होते. लिंक ज्याच्या हाती पडेल तो ऐकू शकतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मी पालकांच्या सह्या घेतल्या आहेत, गावाबाहेर असलेल्यांची संमती व्हॉट्सॲपवर मागवली आहे. नोटिशीत याबद्दल अक्षर नाही.

खात्याने स्वतःची ध्वनिमुद्रणाची सोय उभी करावी, तिथले आवाज खात्याच्याच ताब्यात राहावेत. शाळेला वीज आणि एक फोन द्यावा. तोंडी गुणांसोबत मुलाचे ध्वनिमुद्रण जोडणे सक्तीचे करावे, म्हणजे रकाना कोण कसा भरते ते उघड होईल. तोवर, शिकवण्यासाठी फोन वापरायला चालतो, एवढी एक ओळ लेखी द्यावी आणि माझ्यावरची नोटीस मागे घ्यावी.

सत्र परीक्षा जवळ आली आहे. उत्तर त्याआधी हवे.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षिका