रिडेव्हलपमेंटच्या करारात पाडकामाचं एक पान हवंच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलुंड पूर्वेत सध्या कुठल्याही गल्लीत शिरा, एखादी तरी जुनी सोसायटी पत्रे लावून पाडायला घेतलेली दिसतेच. पार्ले, बोरिवली, चेंबूर, डोंबिवली सगळीकडे तीच गत, आणि पुण्यात कोथरूडला माझी बहीण राहते ती पण हेच सांगते. रिडेव्हलपमेंट व्हायलाच पाहिजे, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बिल्डिंगा आता थकल्यात, छताचे पोपडे पडतायत, लिफ्ट नाही, म्हाताऱ्या माणसांनी तीन-तीन मजले चढायचे कसे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण बिल्डिंग रिकामी झाल्यापासून ती जमीनदोस्त होईपर्यंतचा जो काळ असतो त्याबद्दल कोणी काही बोलतच नाही, आणि जिवाला धोका नेमका तेव्हा असतो, आतल्या मजुरांच्या पण आणि बाहेरून जाणाऱ्यांच्या पण.

आमच्याही सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चाललंय त्यामुळे मी मीटिंगांना बसते. ७९ए ची (म्हणजे सहकार कायद्यातल्या रिडेव्हलपमेंटच्या नियमांची) प्रोसेस, पीएमसी म्हणजे प्रोजेक्टवर देखरेख करणारा सल्लागार नेमणं, कार्पेट एरिया किती वाढून मिळणार, कॉर्पस म्हणजे डेव्हलपरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, भाडं दरवर्षी किती टक्के वाढणार, पार्किंग, अगदी टाइल्स कुठल्या कंपनीच्या आणि नळ कुठले, यावर रात्री अकरा-अकरापर्यंत चर्चा होते. होऊ दे, आयुष्यभराच्या घराचा प्रश्न आहे. पण बिल्डिंग पाडणार कोण, कशी, कुठल्या इंजिनीअरच्या देखरेखीखाली, यावर कराराच्या मसुद्यात एक ओळ सापडली नाही. 'व्हेकंट पझेशन (रिकामा ताबा) दिल्यावर डेव्हलपर स्वखर्चाने पाडेल' एवढंच. मी इतर सोसायटीतल्या ओळखीच्यांना विचारलं, त्यांच्याकडेही तेवढंच.

आता पाडकामाचा व्यवहार कसा चालतो ते बघा. बऱ्याच ठिकाणी पाडणाऱ्या ठेकेदाराला पैसे द्यायचे नसतात, उलट तोच डेव्हलपरला पैसे देतो, कारण सळया, ग्रिल, दारं-खिडक्या, वायरी, लिफ्टचं लोखंड हे सगळं भंगार त्याचं होतं. म्हणजे जेवढं लवकर लोखंड बाहेर तेवढा त्याचा फायदा. मग काय होतं, पहिल्या आठवड्यातच जिन्याचे कठडे, बाल्कनीचे ग्रिल, लिफ्टची दारं कापून निघतात, आणि त्यानंतर महिनाभर मजूर त्याच बिनकठड्याच्या जिन्यावरून ये-जा करतात, बाजूला लिफ्टचा खड्डा सताड उघडा. खरं तर कठडे आणि लिफ्टची दारं त्या-त्या मजल्याचं काम संपेपर्यंत ठेवायला पाहिजेत, आणि काढायचीच असतील तर तिथे फळ्या ठोकून बंद करायला पाहिजे. यात खर्च असा काही नाही, फक्त भंगार चार दिवस उशिरा विकलं जाईल.

दुसरी गोष्ट डेब्रिजची, म्हणजे फोडलेल्या विटा-काँक्रीटच्या ढिगाऱ्याची. माझा भाचा सिव्हिल इंजिनीअर आहे, त्याने मला हिशोब समजावून सांगितला तो मला तुमच्या सगळ्या वाचकांपर्यंत पोचवायचाय. राहत्या घराचा स्लॅब डिझाइन करताना माणसं, फर्निचर वगैरेसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन धरलेलं असतं. वरचा मजला फोडून त्याचं डेब्रिज खालच्या स्लॅबवर नुसतं फूटभर जरी साठलं तरी तेवढ्याच जागेवर ४०० किलोच्या वर वजन होतं, आणि तो स्लॅब चाळीस वर्षं जुना, सळया गंजलेल्या, म्हणून तर बिल्डिंग पाडतोय ना आपण. त्यात त्याच्यावर मशीन चढवलं की मग विचारूच नका. पोकलेन (खोदाई-तोडकामाचं मोठं मशीन) स्लॅबवर न्यायचं तर खालचे मजले जॅक लावून धरावे लागतात, किती मजले आणि कुठे कुठे हे स्ट्रक्चरल इंजिनीअरने लिहून द्यायचं असतं, मुकादमाने अंदाजाने ठरवायचं नसतं. डेब्रिज रोजच्या रोज खाली गेलं पाहिजे, आणि ते खिडकीतून भिरकावून नाही, पाइपसारखी बंद घसरण लावून.

आपल्याकडे पाडकामासाठी वेगळं भारतीय मानक आहे, आयएस ४१३०, त्याची सध्याची आवृत्ती १९९१ ची. म्हणजे ज्ञान नाही असं नाही. वरून खाली, ज्या क्रमाने बांधलं त्याच्या उलट क्रमाने पाडायचं, वीज-पाणी-गॅस सगळं आधी बाहेरून तोडून घ्यायचं, आधार नसलेली उंच भिंत एकटी उभी सोडायची नाही, धोक्याचे बोर्ड आणि रात्री लाल दिवे लावायचे, ही सगळी माहिती असलेली गोष्ट आहे. भिंत एकटी सोडली की काय होतं ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला ५ जून २०१३ ला दिसलं, पाडायला घेतलेल्या बिल्डिंगची आधार नसलेली भिंत शेजारच्या जुन्या वस्तूंच्या दुकानावर कोसळली आणि त्यात सात जण गेले. ती माणसं साइटवर नव्हती, शेजारच्या दुकानात खरेदीला आलेली आणि काम करणारी होती.

आणि दक्षिण कोरियातलं ग्वांगजू. ९ जून २०२१. पाच मजली बिल्डिंग पाडत होते, ती रस्त्याच्या बाजूला पडली आणि समोर स्टॉपवर थांबलेल्या बसवर पडली, ९ जण दगावले, ८ जखमी. फुटपाथ बंद केला होता पण रस्ता चालू ठेवला होता आणि बसस्टॉप हलवलाच नव्हता. हे वाचल्यापासून आमच्या भागातल्या प्रत्येक पाडकामासमोर काय आहे तेच मी बघत असते. एका ठिकाणी पत्र्याला लागूनच शेअर रिक्षाचा स्टँड आहे, सकाळी लोक तिथेच रांग लावून उभे. एका ठिकाणी शाळेची गेट समोर, आणि ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) चालू असताना दुपारची शाळा सुटते, मुलं पत्र्याच्या कडेने चालत जातात कारण फुटपाथवर डेब्रिजच्या गोणी. तिथल्या सुपरवायझरला मी विचारलं की शाळा सुटायच्या वेळी अर्धा तास काम थांबवता येणार नाही का, तर म्हणाला मॅडम आमचं काम पत्र्याच्या आतच आहे. हाच तर मुद्दा आहे, वरून पडणारी वस्तू पत्र्याच्या आतच पडेल याची खात्री कोण देणार? ऑक्टोबर २०२५ मध्ये जोगेश्वरीत कामावर निघालेल्या तरुण मुलीच्या डोक्यात बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगवरून सिमेंटचा ब्लॉक पडला, ती रस्त्यावरूनच चालत होती.

धुळीचं तर लोकांनी आता धरूनच चाललंय की खिडक्या बंद करायच्या आणि सहन करायचं. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये हवेच्या प्रदूषणासाठी जे नियम काढले त्यात स्पष्ट आहे की पाडकाम चालू असलेली इमारत वरपासून खालपर्यंत ताडपत्री, हिरवं कापड किंवा गोणपाटाने झाकायची आणि प्रत्यक्ष तोडताना पाणी सतत मारायचं. सतत म्हणजे साहेब येणार त्या दिवशी नाही. ही धूळ साधी माती नसते, काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. ब्रेकर चालवणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधतो, त्या रुमालाने ती बारीक धूळ अडत नाही, त्याला नीट बसणारा एन-९५ मास्क तरी द्यायलाच पाहिजे.

यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते म्हणून जरा सविस्तर लिहिते. जुन्या बिल्डिंगांच्या गच्चीवर, गॅरेजवर जे राखाडी नालीदार सिमेंटचे पत्रे असतात त्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा जागेवर अखंड आहे तोवर फारसा त्रास नाही, पण घणाने फोडला की त्याचे डोळ्याला न दिसणारे तंतू हवेत जातात आणि त्याने होणारा कॅन्सर वीस-तीस-चाळीस वर्षांनी बाहेर येतो, तेव्हा कोणाला आठवणार आहे कुठला पत्रा. हे पत्रे आधी भिजवायचे, बोल्ट कापून अख्खे उतरवायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे पाठवायचे, डेब्रिजमध्ये मिसळायचे नाहीत. मी आजवर जे बघितलंय त्यात ते वरून खाली फेकले जातात, आणि खाली मजुरांची लहान पोरं खेळत असतात.

म्हणून माझी विनंती अशी की ज्या ज्या सोसायट्यांचे करार अजून सह्यांसाठी पडलेत त्यांनी त्यात पाडकामाचं एक पान घालावं. जमीन सोसायटीची आहे, सही आपली आहे, सही होईपर्यंत आपलं ऐकलं जातं, नंतर आपण भाड्याच्या घरात आणि तिथे काय चाललंय ते कळत पण नाही. त्या पानावर पाडायची पद्धत स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या सहीने लिहिलेली असावी आणि काम चालू असताना त्याचा माणूस साइटवर हजर असावा, मजुरांचा विमा, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट आणि तो बेल्ट अडकवायला पक्की जागा असावी, शेजारच्या सोसायट्यांना आठवडाभर आधी लेखी कळवावं, समोर रिक्षा स्टँड किंवा बसस्टॉप असेल तर तो हलवल्याशिवाय काम सुरू करू नये, शाळा भरताना-सुटताना ब्रेकर बंद राहावा. आणि पावसाळ्यात अर्धवट पाडलेली बिल्डिंग तशीच सोडून जायचं नाही हे पण.

शेजारी राहणाऱ्यांनी काम सुरू व्हायच्या आधी आपल्या बिल्डिंगच्या भिंती, कंपाउंड, गच्चीचे तारखेसकट फोटो काढून ठेवावेत, नंतर तडा गेला तर तो जुना की नवा हे सिद्ध करायला तेवढंच हातात असतं. जुना तडा असेल तर त्यावर काचेची छोटी पट्टी प्लास्टरने चिकटवा, तडा वाढला की काच फुटते. पाण्याच्या टाकीची झाकणं बंद आहेत का ते बघा. भिंत झुकलेली दिसली, गॅसचा वास आला तर जवळ जाऊन व्हिडीओ काढत बसू नका, लांब व्हा आणि महापालिकेच्या १९१६ वर किंवा ११२ वर फोन करा.

आपल्या पेपरात दर आठवड्याला रिडेव्हलपमेंटचं पान असतं, त्यात कायद्याची उत्तरं देणारे तज्ज्ञ असतात. एकदा तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून पाडकामाच्या अटींचा नमुना मसुदा छापावा, साध्या मराठीत, सोसायट्यांना जसाच्या तसा करारात लावता येईल असा. आमच्या सोसायटीची पुढची मीटिंग याच महिन्यात आहे, त्याआधी आला तर आम्हीच पहिल्यांदा वापरू.

आपली,
एक नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व)