पेडण्याची टेकडी

डिचोली, गोवा

प्रिय दामू,

तुझ्या मेसेजना उत्तर नाही म्हणून शिव्या घातल्या असशील. घाल. गुडघा आहे तसाच, साखरही तशीच. हे मोबाइलवर लिहिण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला.

चिरंजीवांनी पेडण्याच्या टेकडीला गिऱ्हाईक आणलं. 2023 ला मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिकडे दगडालाही भाव आलाय. माणूस दिल्लीचा, शर्ट पांढराशुभ्र. काजूखाली उभा राहून 'व्ह्यू, व्ह्यू' करत होता. हिने बोंडू चिरून दिला, तर अर्धा रस शर्टावर. तो डाग आता जन्मात जायचा नाही, हे मी सांगितलं नाही. तेवढाच सूड.

पोराचं गणित चुकत नाही, हीच पंचाईत. आफ्रिकेच्या बियांनी भाव पाडलाय, बिया वेचायला माणूस मिळत नाही. काजूची दारू, हुर्राक, फुकट पिणारे मात्र तुझ्या वेळचेच, सगळे हयात. निम्मी टेकडी विकायची, उरलेल्या निम्मीत व्हिला बांधून पर्यटकांना द्यायचे, असा बेत. म्हटलं, उद्या पर्यटक फिरकलेच नाहीत तर? तर हसला. थेट तुझ्यासारखा! "चीन आपली मातीसुद्धा विकत घेतोय, कर्ज काढ, खनिज वाहायला टिप्पर घे," म्हणणारा तूच ना? तेव्हा खरंच होतं म्हणा. 2010-11 ला 5 कोटी टनांवर लोहखनिज बाहेर गेलं, मांडवीत बार्जींची रांग तुटत नव्हती. 2012 च्या सप्टेंबरात सगळं ठप्प. 2018 ला सुप्रीम कोर्टाने खाणींची 88 लीज रद्द केली. तोवर तू मस्कतला, टिप्पर माझ्या अंगणात आणि हप्ते बँकेत. आता लिलाव होऊन डिचोलीची खाण पुन्हा सुरू झालीय, पण टिप्पर केव्हाच भंगारात गेला.

दरडोई उत्पन्नात आपण देशात वरच्या रांगेत, वेर्ण्याला औषधांचे कारखाने, सगळं कबूल. पण घरात पैशाची गरज पडली की आपल्याला जमीनच दिसते. पूर्वी खालची खणून विकली, आता वरची. हे बोललो की चिरंजीव म्हणतात, "मग काजू विकून माझं घर चालवून दाखवा." तिथे माझी बोलती बंद. भाऊ सही करायला तयार आहे, ही गप्प आहे, म्हणजे पोराच्या बाजूने.

तुझ्या साहेबाला गोवा दाखवायचाय म्हणतोस, तर कळंगुटला नेऊ नकोस, तिथे त्याला दिल्लीच भेटेल. तांबडी सुर्ल्याचं कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ दाखव, केरीहून फेरीने तेरेखोलच्या किल्ल्यावर ने. मासे खायचे असतील तर जून-जुलै टाळ, ट्रॉलर बंद असतात. सुनेला दिवस गेलेत हे कळलं, आनंद झाला. आजोबाचं नाव ठेवू नका, एक दामू पुरे.

शुक्रवारी तुला सुट्टी असते, तेव्हा फोन कर. माझ्याशी नको, पोराशी बोल. टिप्परची गोष्ट तूच सांग, माझ्या तोंडून त्याला ते रडगाणं वाटतं. दिल्लीवाला पुढच्या आठवड्यात बयाणा घेऊन येतोय.

तुझा,
बाबनी