मिस्त्रीकाका, थँक्यू! (फोनवर ऐकून घेत नाही म्हणून इथे)

मिस्त्रीकाका,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून कट करता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, रागावलात तरी चालेल.

गेल्या सीझनच्या शेवटी आमच्या बोटीचं इंजिन तापायला लागलं आणि हर्णै बंदरावर ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. एकाने तर हेड गेलंय, इंजिनच बदला म्हणून कोटेशनही दिलं, बाबा कर्जाची चौकशी करायला लागले होते. १ जूनला मासेमारी बंद झाली, बोट अंजर्ल्याच्या खाडीत आणली, आणि तुम्ही भर पावसात ताडपत्रीखाली बसून आधी पाना हातात घेतलाच नाही, फक्त टाकीचं झाकण काढून करंगळी बुडवली. पाणी चहासारखं लाल! "इंजिन नाय गेलं गं, पाणी गेलंय," असं म्हणालात आणि बाबांचा चेहराच बदलला.

मग तुम्ही मला शेजारी बसवून सगळं समजावलंत. गोडं पाणी इंजिनात आतल्या आत फिरतं, समुद्राचं पाणी हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांतून जाऊन त्याची उष्णता घेऊन बाहेर पडतं, म्हणजे गंजायच्या जागा दोन आणि कारणंही दोन. आमच्याकडे दोन्ही होती 😅

गोड्या पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक असतं, तिथे वाळलेला तांबूस ओघळ तुम्ही टॉर्च मारून दाखवलात. सील गळत होतं, रोज थोडं पाणी कमी व्हायचं आणि खलाशी विहिरीचं मचूळ पाणी ओतायचे. प्रत्येक वेळी नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन, वर त्यात मीठ, मग बिडाचा ब्लॉक आतून गंजणारच ना. आणि कूलंट, म्हणजे पाणी गोठू नये म्हणून इंजिनच्या पाण्यात मिसळतात ते? "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला" असं अर्ध बंदर म्हणतं, पण त्यातलं गंज रोखणारं औषध आपल्याला हवं असतं हे कोणी सांगतच नाही. सील बदलून आतून स्वच्छ धुवून तुम्ही अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर घातलंत, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच.

पण मला विसरता येत नाही ती झिंकची पेन्सिल, म्हणजे एक्स्चेंजरच्या प्लगला लावलेली जस्ताची कांडी. एक्स्चेंजरचा प्लग खोललात तर हातात नुसती पितळेची टोपी, झिंक नावालाही नाही, आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली (बोट सेकंडहँड आहे, हे कोणाचं काम देवाला माहीत). झिंक स्वतः झिजतं म्हणून बाकीचा धातू वाचतो, पण त्यासाठी धातूला धातू टेकलेला पाहिजे, मध्ये टेप आली की झिंक असून नसल्यासारखं. अर्धं झिजलं की बदलायचं, पूर्ण संपायची वाट बघायची नाही, हे आता मी बोटीच्या वहीत लाल पेनने लिहून ठेवलंय.

नळ्यांत पांढरा दगडासारखा थर होता. शेजारच्या बोटीवाल्यांनी संडास साफ करायचं अॅसिड ओता म्हणून सल्ला दिला आणि तुम्ही त्यांना जे ऐकवलंत ते इथे लिहिता येणार नाही. ते अॅसिड अॅल्युमिनियम खातं. तुम्ही कोमट पाण्यात लिंबूसत्त्व कालवून नळ्या भिजत ठेवल्यात, आतून लाकडी काडी फिरवली, सळई कोणाला लावू दिली नाही, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलंत. निघताना समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी पात्यांचं चाक) काढून माझ्या हातात दिलात, दोन महिने दाबून राहिला तर पाती वाकडी होतात म्हणून, तो मी जुलैभर देवघराखालच्या फडताळात ठेवला, आईला अजून पटलेलं नाही.

१ ऑगस्टनंतर बोट बाहेर पडली, तापमानाचा काटा ८० च्या आसपासच आहे आणि टाकीतलं पाणी अजून हिरवंगार दिसतं. बाबांनी कर्जाचा फॉर्म फाडला. तुम्ही सीलचे आणि झिंकचे पैसे घेतलेत, मजुरी मात्र "नंतर बघू", ते नंतर कधी येणार? शनिवारी पापलेट पाठवतोय, मागच्या वेळेसारखं अर्धं परत पाठवलंत तर काकूंना फोन करणार आहे.

तुमची,
नाखव्याची पोरगी