पाणी फिरते केल्याबद्दल आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या श्रावणात आपण सलग दोन संध्याकाळी माझ्या पाणवनस्पतींच्या टाकीसमोर बसलात, त्याबद्दल तोंडी आभार मानून झाले होते. परंतु आपण नेमके काय केलेत ते कुठेतरी लिहिलेले असावे आणि माझ्यासारखीच चूक करीत असलेल्या इतर हौशी मंडळींनाही ते वाचता यावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

टाकी ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच. माती, दगड आणि मधले मोठे लाकूड वजा जाता त्यात सुमारे १६० लिटर पाणी मावते. रोटाला या उभ्या काडीच्या पाणवनस्पतीची खालची पाने गळून नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि अनुबिया या रुंद पानांच्या झाडाच्या पानांच्या कडांना काळे केसाळ शेवाळ धरले होते. दुकानात विचारावे, तर दर वेळी खताची नवी बाटली हाती पडे. झाडे उपाशी आहेत असे धरून चालल्यामुळे मी ती इमानेइतबारे ओतत गेले आणि दिव्याचे तासही सातावरून दहावर नेले.

आपण खताचे नावही काढले नाहीत. ‘पाणी तासाला किती फिरतं?’ एवढेच विचारलेत आणि मी फिल्टरच्या खोक्यावरचा १,००० लिटरचा आकडा वाचून दाखवताच घरी जाऊन आपली दहा लिटरची स्टीलची बादली घेऊन आलात. पाणीपुरवठा विभागात आयुष्य काढलेल्या माणसाचा छापील आकड्यावर विश्वास नसतो, हे मला त्या दिवशी कळले. बादली भरायला एक मिनिट पन्नास सेकंद लागली. म्हणजे तासाला जेमतेम ३३० लिटर. स्पंज भरल्यावर आणि पाणी वर चढवावे लागल्यावर प्रवाह बराच घटतोच, पण इतका नव्हे. फिल्टर उघडला तेव्हा आतल्या कापसाचा तपकिरी लगदा झालेला होता आणि नळीच्या आतून बोटाला बुळबुळीत थर लागत होता. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू मरू नयेत, म्हणून आपण स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायला लावलेत. त्यानंतर तीच बादली ५५ सेकंदांत भरली.

मला वाटले, काम झाले. आपण मात्र माशांचे खाद्य चिमटीत चुरून पाण्यात सोडलेत, खोलीतला दिवा बंद केलात आणि विजेरीचा झोत आडवा धरलात. ते कण समोरच्या काचेजवळून भराभर गेले, कोपऱ्यात वळले आणि लाकडामागे येऊन जागच्या जागी लोंबकळत राहिले. झाडांसाठी पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुरेसा असला की हिरवा आणि कमी पडला की निळा दिसणारा माझा ड्रॉप चेकर, हा वायू पाण्यात सोडणाऱ्या डिफ्यूझरजवळ रोज हिरवा दिसत असे आणि मी निर्धास्त होते. तोच आपण लाकडामागे नेऊन लावलात, तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तो निळाच. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेपेक्षा सुमारे १०,००० पट संथ पसरतो आणि प्रत्येक पानाला साचल्या पाण्याचा एक पातळ थर चिकटलेला असतो. तो थर प्रवाहाने सतत पातळ होत राहिला नाही, तर शेजारी वायू आणि खत मुबलक असूनही पान ताटकळत राहते, हे मी त्यापूर्वी कधी विचारातच घेतले नव्हते.

बाजूच्या काचेवरचा स्प्रे बार, म्हणजे फिल्टरचे पाणी टाकीत सोडणारी भोकांची नळी, आपण मागच्या काचेवर पृष्ठभागाच्या जरासा खाली बसवलात, जेणेकरून पाणी समोरच्या काचेवर आदळून खाली उतरेल आणि तळाने झाडांमधून मागे फिरेल. त्याची भोके मी उत्साहाने वर वळवू लागले, तेव्हा तवंग फुटेल इतपतच लाट हवी, जास्त खळबळ झाली तर सोडलेला वायू उडून जाईल, असे म्हणून आपण मला थांबवलेत. रोटालाचा निम्मा झुबका आपण कापलात, तेव्हा मात्र मला मनापासून राग आला होता. पाणी आत शिरायला वाट हवी हे पटायला मला तीन आठवडे लागले.

जुनी पाने सुधारत नाहीत, नव्याकडेच बघावे, असे आपण बजावले होते. त्याप्रमाणे शेवाळलेली पाने मी कापून टाकली आणि दिवा पुन्हा सात तासांवर आणला. रोटालाला आता बुडापासून फुटवे आहेत. लाकडामागे आपल्या सांगण्यावरून लावलेली क्रिप्टोकोरीन स्पायरालिस, जिला आपण ‘कोकणातल्या ओढ्यातलं झाड’ म्हणता, तिची लांब पाने दिवसभर हलकी डुलत असतात. खताच्या दोन बाटल्या अजून सीलबंद पडून आहेत.

येत्या रविवारी रोटालाची आठ-दहा कांडी आपल्या टाकीसाठी घेऊन येते. आपली बादलीही त्याच वेळी परत करते. दर महिन्याला प्रवाह मोजण्याच्या निमित्ताने ती इतके दिवस माझ्याकडेच राहिली, त्याबद्दल क्षमस्व.

आपली कृतज्ञ,
खालच्या मजल्यावरची शेजारीण