न्यूरोॲनाटॉमी नुसता ॲटलस चाळून येत नाही

संपादक महोदय,

तुमच्या पुरवणीतला मेडिकलच्या अभ्यासावरचा लेख वाचला, छान जमलाय, पण चांगला ॲटलस (शरीररचनेच्या चित्रांचं पुस्तक) घेऊन चित्रं रोज बघितली की न्यूरोॲनाटॉमी, म्हणजे मेंदू आणि नसांची रचना, आपोआप डोक्यात बसते हे काही पटलं नाही. मी हाच विषय शिकवतो. मुलं पानच्या पान पाठ करतात, मेड्युलाचं (मेंदूचा मज्जारज्जूला लागून असलेला भाग) सेक्शन, म्हणजे आडवा काप, दाखवलं की दहा नावं धडाधड सांगतात, आणि मग विचारलं की पायाला टाचणी टोचली तर ती वेदना मेंदूपर्यंत कुठल्या बाजूने जाते, की सगळे गप्प.

कारण ॲटलस म्हणजे शेवटी आडवे काप, आणि नसांचे मार्ग जातात उभे. त्यामुळे एकच मार्ग धरायचा आणि बोट ठेवत पानामागून पान वर जायचं. वेदना आणि तापमान मज्जारज्जूत शिरल्यावर एकदोन सेगमेंटमध्येच (टप्प्यांतच) पलीकडच्या बाजूला जातात, पण व्हायब्रेशन आणि सांध्याची जाणीव त्याच बाजूने थेट मेड्युलापर्यंत चढते नि तिथे बाजू बदलते. हे एकदा स्वतःच्या हाताने काढलं (चित्र कितीही वेडंवाकडं येऊ दे) की मज्जारज्जूचा एका बाजूचा अर्धा भाग कापला गेला तर ताकद आणि व्हायब्रेशन त्याच बाजूचं का जातं आणि वेदना मात्र विरुद्ध बाजूची का जाते हे पाठ करायची गरजच उरत नाही.

रंगांचंही तसंच. छापलेली पिवळीधम्मक नर्व्ह डिसेक्शनला (मृतदेहाच्या विच्छेदनाला) बसल्यावर पांढुरकी दोरी निघते. आणि मायलिन (नसांच्या तंतूंवरचं आवरण) रंगवणाऱ्या वायगर्ट स्टेनमध्ये तर व्हाइट मॅटर (तंतूंचा पांढरा भाग) काळं दिसतं नि ग्रे मॅटर (पेशींचा करडा भाग) फिकं, तिथे दरवर्षी अर्धा वर्ग फसतो.

सगळ्यात मोठी गोची दिशेची. जुन्या पद्धतीच्या ॲटलसमध्ये ब्रेनस्टेमची (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाची) मागची बाजू वर असते, एमआरआयमध्ये पुढची बाजू वर, शिवाय तो पायाकडून बघितल्यासारखा, म्हणजे पेशंटची डावी बाजू आपल्या उजवीकडे. ज्या ॲटलसमध्ये चित्राशेजारीच त्याच लेव्हलचा एमआरआय दिलेला असतो तोच घ्यावा, बाकीचे कितीही देखणे असले तरी.

आणि हो, लेखासोबत तुम्ही ब्रेनस्टेमचं जे चित्र छापलंय त्यात वरची बाजू कुठली ते दिलेलंच नाही, पुढच्या अंकात तेवढं टाकता आलं तर बघा.

आपला,
एक ॲनाटॉमी शिक्षक